वार्षिक अहवालात प्राध्यापक आणि कर्मचाऱ्यांचं संशोधन नीट कसं मांडायचं

एक्यूएआरची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला दरवर्षी पाठवायच्या गुणवत्ता अहवालाची) आणि वार्षिक अहवालाची तयारी सुरू झाली की कॉलेजात कुणातरी एकाच्या गळ्यात हे काम पडतं, सगळ्यांची वर्षभरातली संशोधनाची कामगिरी गोळा करा आणि पान-दोन पानांत लिहून द्या. बहुतेक ठिकाणी मग व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो, "आपली माहिती उद्या सायंकाळपर्यंत पाठवावी", त्यावर कुणी सर्टिफिकेटचा फोटो टाकतं, कुणी कव्हरपेज, कुणी नुसतं "३ पेपर १ पेटंट", आणि तेच तसंच्या तसं टाईप होऊन छापलं जातं. एखाद्या बाईंनी तीन वर्षं खपून केलेलं काम तिथे "राज्यशास्त्र विभाग: १ पेपर" एवढंच उरतं. मला हे खरंच खटकतं. काय शोधलं ते लिहा, कुणी शोधलं ते पूर्ण लिहा, आणि जे लिहाल ते बाहेरच्या माणसाला दहा मिनिटांत तपासता येईल असं लिहा, माझा सगळा आग्रह एवढ्यासाठीच आहे. पद्धत खाली देतेय, तुमच्या कॉलेजप्रमाणे बदल करून घ्या.

कुणाकुणाला विचारायचं

आधी माणसांची यादी करा, कामांची नंतर. कायम प्राध्यापक सगळ्यांच्या लक्षात असतात, राहून जातात ते तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीवाले. त्यांच्यात नेट-सेट, पीएचडी झालेले कितीतरी असतात, दोन-दोन कॉलेजात तास घेऊन रात्री बसून पेपर लिहितात. पेपरवर त्यांच्या नावाखाली तुमच्या कॉलेजचं नाव छापलेलं असेल तर तो पेपर तुमच्या अहवालात आलाच पाहिजे, नेमणूक संपली म्हणून नाव गाळायचं नाही. तसंच वर्षाच्या मध्ये रिटायर झालेले, दुसरीकडे रुजू झालेले, ग्रंथपाल, शारीरिक शिक्षण संचालक हे सगळे यादीत घ्या.

आणि शिक्षकेतर कर्मचारी. शिक्षकेतर म्हणजे यांचा संशोधनाशी काय संबंध असं गृहीतच धरतात आणि फॉर्मची लिंक त्यांच्या ग्रुपवर जातच नाही. अहो, प्रयोगशाळा सहाय्यक नोकरी सांभाळून एमएस्सी करत असतात, ऑफिसातल्या मॅडम पीएचडीला रजिस्टर झालेल्या असतात, बॉटनीच्या हर्बेरियममधला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातला, प्रत्येक नमुना कुठल्या कपाटात आहे हे फक्त एका माणसाला माहीत असतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे ना, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची, तिच्या निरीक्षणांवर जगात कुणीही पेपर लिहिला तरी शेवटच्या आभाराच्या परिच्छेदात जीएमआरटीच्या स्टाफचे आभार मानायचा प्रघात आहे, त्यांच्यामुळे ही निरीक्षणं शक्य झाली असं स्पष्ट लिहितात. म्हणून माझी एक सूचना, आलेल्या प्रत्येक पेपरचा आभाराचा परिच्छेद वाचा. तिथे तुमच्या कॉलेजातल्या कर्मचाऱ्याचं नाव दिसलं की ते अहवालात वेगळ्या ओळीत आणा. असा उल्लेख छापून आलेला ज्याचा त्याला बऱ्याचदा माहीतही नसतो.

माहिती कशी मागवायची

गुगल फॉर्म करा, पण "आपली कामगिरी लिहा" असा एकच मोकळा रकाना ठेवू नका, त्यात वाट्टेल ते येतं. पेपरचं शीर्षक, सगळ्या लेखकांची नावं छापलेल्या क्रमाने, जर्नलचं नाव, खंड-अंक-पानं, महिना आणि वर्ष, आयएसएसएन (जर्नलचा नोंदणी क्रमांक), असेल तर डीओआय (त्या पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक), पेपरवर कॉलेजचं नाव कसं छापलंय ते, आणि पहिल्या पानाची पीडीएफ, एवढं तर हवंच. या सगळ्याहून महत्त्वाचा रकाना शेवटचा: "या कामात नेमकं काय सापडलं, दोन-तीन वाक्यांत, मराठीत, दुसऱ्या विषयाच्या माणसाला कळेल असं." यावर थोडी कुरकुर होते, पण या रकान्याशिवाय अहवाल म्हणजे नुसती वही होते, त्यामुळे हा सोडू नका.

तारखेचं आधीच ठरवून टाका. पेपर ऑनलाइन डिसेंबरात येतो आणि अंक निघतो जुलैत, मग तो दोन वर्षांत दोनदा मोजला जातो, आणि नॅकच्या वेळी तेच नेमकं पकडतात. एकच नियम करा, अंकाची तारीख किंवा ऑनलाइनची तारीख, आणि सगळ्यांना तोच लावा. "स्वीकृत" झालेला पेपर या वर्षी घ्यायचा नाही, छापून आल्यावर पुढच्या वर्षी घ्या.

फॉर्म वर्षाच्या शेवटी न पाठवता दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाठवला तर माणसं ताज्या ताज्या गोष्टी लिहितात आणि मे महिन्यात कुणाच्या मागे लागावं लागत नाही.

तपासणी, इथे घाई करू नका

डीओआय असेल तर काम सोपं, डीओआय डॉट ऑर्गच्या पुढे तो नंबर टाकायचा, पेपर उघडला पाहिजे आणि शीर्षक-लेखक जुळले पाहिजेत. नंबर १० आणि टिंब यानेच सुरू होतो, दुसरं काही दिसलं तर आधीच शंका घ्या. त्याच बैठकीत पेपर मागे घेतला गेलाय का तेही बघा, मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणारा रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस २०२३ पासून डीओआय देणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडे आहे आणि सगळ्यांना खुला आहे.

जर्नलच्या दर्जाबद्दल सध्या सगळीकडे गोंधळ आहे, कारण यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, बंद केली आणि जर्नल कसं निवडावं याचे फक्त निकष सुचवून जबाबदारी संस्थांवर टाकली. त्या आधीच्या यादीचाही इतिहास फार बरा नव्हता, २०१८ साली यूजीसीने एका झटक्यात ४३०५ जर्नल्स यादीतून काढली होती. म्हणून जुना पेपर असेल तर तो छापला तेव्हा जर्नल यादीत होतं का ते बघायचं, आणि नवीन असेल तर संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर त्याचा उल्लेख आहे का, आठ दिवसांत स्वीकारतो असं जर्नल म्हणतंय का, फी किती आणि कशासाठी हे बघायचं. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो तो आकडा) लिहिला असेल तर तो कुठला हे विचारा. खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट या कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये असतो, त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावाचे आकडे पैसे घेऊन वाटणारे भरपूर आहेत. शंका असली तर सर-मॅडमना एकटं गाठून बोला, ग्रुपवर नाही. पुष्कळदा माणूस कॅस या प्राध्यापकांच्या बढती योजनेतल्या प्रमोशनच्या दबावाखाली फसलेला असतो.

पुस्तकांबाबत एक पक्कं लक्षात ठेवा, आयएसबीएन हा फक्त नोंदणी क्रमांक आहे, तेरा आकडी, त्याचा दर्जाशी काही संबंध नाही. संपादित पुस्तकातलं प्रकरण असेल तर "पुस्तक" म्हणून लिहायचं नाही, प्रकरण म्हणूनच लिहायचं. परिषदेत वाचलेला निबंध आणि प्रोसीडिंगमध्ये छापलेला निबंध यातही फरक ठेवा.

पेटंटवर मी जरा जास्त बोलणार आहे कारण सध्या सगळ्यात जास्त घोळ इथे आहे. भारतात पेटंटचा अर्ज केला की साधारण १८ महिन्यांनी तो पेटंट ऑफिसच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो, हे जर्नल दर शुक्रवारी निघतं. फॉर्म ९ भरून जादा फी दिली की हेच काम महिन्याभरात होतं. प्रसिद्ध झाला म्हणजे पेटंट मिळालं असं अजिबात नाही! त्यानंतर परीक्षणाची विनंती करावी लागते, परीक्षक आक्षेप काढतात, उत्तरं द्यावी लागतात, आणि हे सगळं पार पडलं तर पेटंट मंजूर होतं, ज्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं असते. डिझाइन नोंदणी तर पूर्ण वेगळी गोष्ट, ती वस्तूच्या दिसण्याची असते, ती कशी चालते याची नाही. अहवालात चार वेगळे शब्द वापरा: अर्ज दाखल, अर्ज प्रसिद्ध, पेटंट मंजूर, डिझाइन नोंदणी. सोबत अर्ज क्रमांक द्या, पेटंट ऑफिसच्या वेबसाइटवर तो टाकून कुणालाही स्थिती बघता येते. ज्यांचं पेटंट खरोखर मंजूर झालंय त्यांच्यावर हा न्यायच आहे, कारण ते सगळं दिव्य पार करून आलेले असतात आणि त्यांना प्रसिद्ध झालेल्या अर्जाच्या शेजारी त्याच रांगेत बसवणं बरोबर नाही.

मग ते "जगातल्या टॉप दोन टक्के शास्त्रज्ञांत निवड". ही यादी स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि सहकारी स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसवरून काढतात. त्यात दोन वेगळे तक्ते असतात, एक पूर्ण कारकिर्दीचा आणि एक फक्त एका वर्षाचा. तो पुरस्कार नाही, कुणी निवड समिती बसत नाही, सायटेशनवर, म्हणजे इतरांनी किती वेळा संदर्भ दिला यावर, आधारित गणित आहे. आलं असेल नाव तर अभिमानाने लिहा, पण कुठला तक्ता, कुठलं वर्ष, कुठला उपविषय हे लिहा आणि "स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पुरस्कार" असं बॅनरवर छापू नका.

पुरस्काराचंही थोडं तसंच. कुणी दिला, कोणत्या कामासाठी, कुठल्या वर्षाचा, आणि नोंदणी फी भरून मिळालाय का, हे विचारायला संकोच करू नका. नीट लिहिलेली नोंद कशी दिसते बघा: "मराठवाडा विद्यापीठाच्या मराठी विभागातले माजी प्राध्यापक आणि समीक्षक सुधीर रसाळ यांना 'विंदांचे गद्यरूप' या समीक्षाग्रंथासाठी २०२४ चा मराठीचा साहित्य अकादमी पुरस्कार." संस्था, वर्ष, भाषा, ग्रंथ, प्रकार, सगळं एका वाक्यात आलं, विशेषण एकही लागलं नाही. रसाळ सर कधीच निवृत्त झालेले, तरी त्यांचं नाव विद्यापीठाच्या अभिमानाचं आहेच, म्हणून माजी प्राध्यापकांसाठी अहवालात एक छोटा भाग ठेवायला काही हरकत नाही.

लिहायचं कसं

इथे खरी मजा आहे. एक उदाहरण घेते. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेत पीएचडी करणाऱ्या राशी जैन आणि त्यांचे मार्गदर्शक योगेश वाडदेकर यांचा २०२५ मध्ये ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्स या जर्नलमध्ये पेपर आला. एवढंच लिहिलं तर वाचणारा पुढे जातो. आता असं लिहा: "विश्व साधारण दीडशे कोटी वर्षांचंच होतं त्या काळातली एक दीर्घिका त्यांना जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांत सापडली, आपल्या आकाशगंगेसारखे दोन रेखीव सर्पिल बाहू असलेली. इतक्या लवकर इतकी सुबक रचना तयार होईल असं वाटत नव्हतं. तिला त्यांनी अलकनंदा नाव दिलं." चार ओळी झाल्या, पण कॉमर्सच्या शिपाईकाकांपासून प्राचार्यांपर्यंत सगळे थांबून वाचतील.

म्हणून क्रम असा ठेवा, आधी काय सापडलं, मग कुणी, मग कुठे छापलं. "आंतरराष्ट्रीय दर्जाच्या नामांकित जर्नलमध्ये" वगैरे गाळा, जर्नलचं नाव लिहिलं की पुरे.

लेखक जास्त असतील तर आपल्या माणसाचा वाटा लिहा. २०१७ मध्ये सरस्वती या दीर्घिकांच्या महासमूहाचा शोध जाहीर झाला, चारशे कोटी प्रकाशवर्षं दूर असलेला, त्याच्या लेखकांत पुण्याच्या आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांबरोबर जमशेदपूरच्या एनआयटीचे आणि केरळातल्या न्यूमन कॉलेजचेही संशोधक होते. एका कॉलेजातला प्राध्यापक अशा कामात असतो, ही त्या कॉलेजसाठी केवढी मोठी गोष्ट, पण "प्रमुख संशोधक" असं खोटं न लिहिता "संशोधक चमूत सहभाग, अमुक भाग केला" असं लिहिलं की ती जास्त वजनदार होते.

मराठी, इतिहास, समाजशास्त्र या विभागांना वेगळी मोजपट्टी लावा. त्यांचं पुष्कळ काम स्कोपसमध्ये कधी दिसणारच नाही, मराठी मासिकांतल्या लेखांना बहुतेक वेळा डीओआय नसतो. विश्वकोशातली नोंद, हस्तलिखिताची संपादित प्रत, बोलीचा शब्दसंग्रह, गावोगाव फिरून गोळा केलेल्या ओव्या, हे सगळं संशोधनच आहे, त्याला "इतर" या रकान्यात ढकलू नका. तपासायला अंकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि लेखाचं पहिलं पान स्कॅन करून ठेवा.

नावांचं एक. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मॅडमचे आधीचे पेपर जुन्या नावावर असतात आणि कुणी शोधलं तर सापडतच नाहीत. प्रत्येकाला ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा ऑनलाइन ओळख क्रमांक, काढायला लावा, १६ आकडी असतो, फुकट आहे, फार वेळ लागत नाही, आणि दोन्ही नावांचं काम एकाच ठिकाणी येतं. अहवालात मात्र त्या स्वतः जे नाव लावतात तेच लिहा. इन्फ्लिबनेटच्या विद्वान या संशोधकांच्या माहितीच्या पोर्टलवर प्रोफाइल असेल तर तेही त्याच वेळी अपडेट करून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी निम्मी माहिती तिथूनच मिळते.

छापायच्या आधी प्रत्येकाला त्याच्या पुरती नोंद पाठवा, पूर्ण अहवाल नाही, फक्त त्याची ओळ, आणि दोन दिवस द्या. शिक्षकेतरांना मेलपेक्षा प्रिंट काढून हातात दिलेली बरी. उत्तर आलं नाही तर फोन करा. सगळे पुरावे वर्षाच्या नावाने एका फोल्डरमध्ये ठेवा, फाईलचं नाव आडनाव-महिना-प्रकार असं, आणि त्याची एक प्रत ग्रंथालयात, एक आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) कम्प्युटरवर. समन्वयक बदलतात, फोल्डर कुठे आहे हे नव्या माणसाला लेखी सांगून जा.