गावातील शहीद जवानाच्या अंत्यसंस्काराला जाताना

शेजारच्या घरातील जवानाला वीरमरण आल्याची बातमी कधी कधी घरच्यांच्या आधी गावाला लागते, आणि पार्थिव निघेपर्यंत पत्नीला किंवा आईला तो ‘जखमी आहे’ एवढेच सांगितलेले असते. म्हणून कुटुंबाला सर्व काही अधिकृतपणे कळेपर्यंत व्हॉट्सॲपवर त्याचे छायाचित्र टाकू नये आणि दारात घोळका करून उभे राहू नये.

सातारा-सांगलीकडील जवानाचे पार्थिव बहुधा विमानाने पुण्याला आणि तेथून लष्कराच्या फुलांनी सजवलेल्या वाहनातून गावी येते. जाहीर झालेली वेळ पुष्कळदा लांबते. तेव्हा पाणी जवळ ठेवावे, गाड्या गावाबाहेर लावाव्यात. ‘अमर रहे’च्या घोषणा द्यायच्या त्या याच वाटेवर द्याव्यात.

पार्थिव प्रथम घरी नेतात. कुटुंबाला मिळतात ती एवढीच काही मिनिटे, आणि माझ्या मते शेजाऱ्याचे खरे काम येथेच असते: उंबऱ्याबाहेर कडे करून गर्दी थोपवणे आणि कोणालाही आत मोबाइल उंचावू न देणे. शवपेटी उघडावी की नाही, हा प्रश्न सोबत आलेले लष्करी अधिकारी आणि कुटुंब यांच्यातला असतो; ‘शेवटचे तोंड तरी दाखवा’ असा आग्रह बाहेरच्याने धरू नये, कारण पेटी बंद ठेवण्यामागे अनेकदा असे कारण असते की जे आईसमोर बोलता येत नाही.

अंत्यसंस्कार पुष्कळदा शाळेच्या मैदानावर किंवा मोकळ्या रानात होतात, त्यामुळे एरवी स्मशानात न जाणाऱ्या स्त्रियाही तेथे येतात. त्यांच्यासाठी सावलीची जागा आधीच राखावी. पुष्पचक्र वाहण्यासाठी नावे पुकारली जातात, त्याखेरीज पुढे जाऊ नये. जवान शोकशस्त्राच्या स्थितीत, म्हणजे बंदुकीची नळी खाली करून आणि मान झुकवून, उभे राहिले, की मानवंदनेच्या फैरी झडेपर्यंत आणि बिगुलावरची लास्ट पोस्टची धून संपेपर्यंत घोषणा पूर्ण थांबवून सावधान उभे राहावे. (अपशिंगे मिलिटरीसारख्या फौजी गावात हे कोणाला सांगावे लागत नाही.) फैरींचा आवाज मोठा असतो, म्हणून तान्ह्या मुलांना मागे न्यावे, आणि मुलांना रिकामी काडतुसे उचलू देऊ नयेत, कारण तुकडीला त्यांचा हिशेब द्यावा लागतो.

पेटीवरील तिरंगा केशरी पट्टा डोक्याकडे येईल असा पांघरलेला असतो. ध्वजसंहितेनुसार तो चितेवर जाळत नाहीत. अग्नी देण्यापूर्वी घडी घालून वीरपत्नीच्या किंवा आईवडिलांच्या हाती देतात. त्या वेळी छायाचित्रांसाठी पुढे घुसू नये. लोकांनी आणलेले कागदी झेंडे मैदानावर पडलेले दिसल्यास गोळा करावेत.

त्या रात्रीचा कडू घास भावकीतल्या घरांनी आपसांत ठरवून पोहोचवावा. पुढारी आणि कॅमेरे दोन दिवसांत निघून जातात. निवृत्तिवेतनाच्या आणि मदतीच्या कागदांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या फेऱ्या मात्र त्यानंतर सुरू होतात, आणि त्या वेळी वीरपत्नीसोबत जाणारे विश्वासाचे माणूस लागते.