ख्रिस्ती माणसाने आपल्या आवाराबाहेर कसे पडावे

रविवारी उपासनेला जावे, ठरलेल्या बाकावर बसावे, पाळकांच्या प्रार्थनेला आमेन म्हणावे आणि घरी येऊन जेवावे, एवढ्यात मराठवाड्यातल्या कित्येक ख्रिस्ती घरांचा विश्वासाचा आठवडा पार पडतो. त्यात गैर काही नाही. परंतु जिथे सोयरे आपले, गाणी आपली आणि बोलण्याची ढबही आपलीच, त्याच आवारात विश्वास जपत राहिले तर शेजाऱ्याला त्याचा उपयोग होत नाही. म्हणून बाहेर पडू पाहणाऱ्याने आधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: माझ्या गल्लीत, गावात किंवा कामाच्या ठिकाणी कोणाच्या दारात जायचे मी टाळतो? त्या माणसाचे नाव वहीत लिहून ठेवावे. ‘समाजासाठी काहीतरी करीन’ असल्या मोघम संकल्पापेक्षा ते एक नाव अधिक कामाचे असते.

पुढचे पाऊल कसे टाकावे हे बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 10 व्या आणि 11 व्या अध्यायांत तपशिलाने आले आहे. येशूचा शिष्य पेत्र यापो येथे कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला होता, तिथे त्याला दृष्टांत झाला आणि लगोलग कर्नेल्य या रोमी शताधिपतीची माणसे दारात येऊन उभी राहिली. त्याने त्यांना आधी घरात घेतले, मुक्कामाला ठेवले आणि दुसऱ्या दिवशी कैसरीयाला निघताना सहा बंधूंना बरोबर नेले. तिथे पोचल्यावरही ‘मला कशासाठी बोलावले?’ हे विचारून घेतले आणि मग तो बोलला. एकट्याने न जाणे, आधी ऐकून घेणे आणि तिथल्या घरी राहण्या-जेवण्याला मागेपुढे न पाहणे, एवढे तरी यातून उचलता येते. यरुशलेमेत परतल्यावर यहुदी नसलेल्या परक्यांबरोबर जेवल्याबद्दल त्याला जाब विचारला गेला, तेव्हा त्याने घडलेले सगळे क्रमाने सांगितले. आपल्या मंडळीतही, म्हणजे चर्चच्या माणसांतही, कुजबुज होणारच, हे धरून चालावे आणि पाळकांना आधीच कल्पना देऊन ठेवावी.

चारचौघांत मोठ्याने प्रार्थना करायला पुष्कळांची जीभ अडखळते. त्याचा सराव घरच्या कुटुंब प्रार्थनेत करावा. 121 वे स्तोत्र वाचावे आणि मग एकाच माणसासाठी, त्याचे नाव घेऊन, घरात बोलतो तशा भाषेत दोन-तीन वाक्ये बोलावीत. व्यासपीठावरची जड शब्दांची प्रार्थना तिथे आणू नये.

प्रत्यक्ष कामासाठी दूर जायची गरज नसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि अनेक घरांत म्हातारी माणसे व शाळेतली नातवंडे तेवढी मागे राहतात. अशा एका घरी आठवड्यातला एक वार ठरवून जावे. आजींनी प्लास्टिकच्या पिशवीतून गोळ्यांची पाकिटे काढली की ‘सकाळची कोणती आणि रातची कोणती, दाखवा बरं’ असे विचारून पाकिटावर पेनाने सूर्य किंवा चंद्र काढून द्यावा, रेशन दुकानातले काम असेल तर विचारून घ्यावे आणि काळा चहा पुढे आला तर तो प्यावा. देणाऱ्याच्या भूमिकेत राहणे सोपे असते. समोरच्याच्या घरचे घेणे आपल्याला अवघड जाते, आणि माझ्या मते खरी परीक्षा तिथेच आहे. आपण ख्रिस्ती आहोत हे लपवू नये, पण मदतीच्या बदल्यात कोणाला उपासनेला ओढू नये. आजाऱ्याजवळ प्रार्थना करायची तर आधी त्याला विचारावे आणि तो नको म्हणाला तर विषय तिथेच थांबवावा.

शेजारच्या सप्ताहाला किंवा पूजेला बोलावणे आले की प्रसादाचा प्रश्न हटकून उभा राहतो आणि त्या भीतीने आपली माणसे जाणेच टाळतात. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे करिंथकरांस, लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 10 व्या अध्यायात याचा विचार केला आहे: बोलावणे आले आणि जावेसे वाटले तर जावे, वाढलेले चौकशी न करता खावे, मात्र हे नैवेद्याचे आहे असे कोणी सांगितले तर सांगणाऱ्याचा विचार करून खाऊ नये. काय करायचे ते घरीच ठरवून जावे, म्हणजे तिथे तोंड चुकवावे लागत नाही. ‘हे मला चालत नाही, पण तुमच्या घरी बसून जेवीन’ असे हात जोडून सांगितले तर सहसा कोणी रागावत नाही.

सगळ्यांत अवघड उंबरठा मात्र मंडळीच्या आतच आहे. ब्राह्मण घरात जन्मलेल्या नारायण शेषाद्रींनी 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे निजामाच्या मुलखात, जालन्याजवळ, मांग समाजातल्या माणसांत काम करून बेथेल ही वस्ती उभी केली. आज त्याच मराठवाड्यात उपासनेत एका प्याल्यातून प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस) घेणारी माणसे सोयरीक जमवताना पूर्वीची जात हळूच विचारून घेतात. म्हणून मंडळीतल्या ज्या घरी आपण कधी जेवलो नाही त्या घराचे नावही वहीत लिहावे, तिथे बायका-मुलांसह जावे आणि परतीचे बोलावणे त्याच बैठकीत देऊन यावे.

या भेटींचे फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नयेत, आणि त्या घरातले आजारपण प्रार्थनासभेत सांगायचे तर आधी त्यांची परवानगी घ्यावी.