मुसळीतल्या साखरेची जनुकं शोधताय? या चुका टाळा

"मॅडम, आरएनए भरपूर आलाय!" हे वाक्य कानावर पडलं की माझ्या पोटात गोळा येतो. ट्यूबच्या तळाशी साबुदाण्याच्या खिरीसारखा पांढरा गोळा बसलेला असतो आणि पोरं खूश असतात. तो आरएनए, म्हणजे चालू जनुकाची नक्कल, नसतो हो. ज्या साखरेची जनुकं शोधायला आपण निघालो, तीच साखर तिथे बसून आपल्याला हसत असते.

आमच्याकडे बहुतेकांचा प्रोजेक्ट सफेद मुसळीवर असतो. शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलिएनम, म्हणजे नावातच आपली बोरिवली. हिच्या जाड मुळ्यांत फ्रुक्टान साठतात, म्हणजे फ्रुक्टोजच्या लांब साखळ्या. आपल्या लहान आतड्यात त्या पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जीवाणू त्या आंबवतात, आणि फायदा म्हणतात तो बराचसा तिथला. झाडाच्या बाजूने गोष्ट अशी: पानात तयार झालेलं सुक्रोज खाली मुळीत येतं. तिथे पेशीच्या रिक्तिकेत (पेशीतली साठवणाची पिशवी) १-एसएसटी नावाचं एन्झाइम दोन सुक्रोज घेतं, एकातलं फ्रुक्टोज काढून दुसऱ्याला चिकटवतं. १-केस्टोज (तीन साखरांची छोटी साखळी) तयार होतं आणि एक ग्लुकोज सुटं पडतं. पुढे १-एफएफटी हे दुसरं एन्झाइम ही साखळी लांबवत नेतं. झाडाला साखर परत हवी झाली की एफईएच नावाचं तिसरं एन्झाइम टोकाकडून एकेक फ्रुक्टोज सोडवतं. ही एन्झाइमं बनवणारी जनुकं कधी आणि किती चालू असतात, हे आरएनए मोजून बघायचं असतं. ऐकायला सोपं आहे.

पाक झालाय, आरएनए नाही

एक हुशार मुलगा होता, पण घाईचा. आरएनए काढला, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ठेवला, २६०/२८० (प्रथिनांची भेसळ सांगणारा आकडा) आला १.९, म्हणजे चांगला. झालं, स्वारी हवेत. शेजारचा, साखरेसारखी भेसळ सांगणारा २६०/२३० चा आकडा होता ०.५, म्हणजे फारच कमी. तो बघायची तसदी कोणी घेतली नाही. पुढचे तीन महिने पीसीआर (जनुकाच्या प्रती वाढवायची पद्धत) करूनही जेलवर एकही पट्टी आली नाही. त्याने प्रायमर तीनदा नवे मागवले, पॉलिमरेज बदललं, मशीनला नावं ठेवली. शेवटी रडकुंडीला येऊन माझ्याकडे आला. मी त्याला फक्त पिपेट ट्यूबमध्ये बुडवून हळूच वर उचलायला सांगितलं. टोकाबरोबर तार आली. गुलाबजामच्या पाकाची येते ना, तशी एकतारी. मुळीतला बुळबुळीत चीक आणि फ्रुक्टान आरएनएबरोबर खाली बसले होते, आणि ते पीसीआरचं एन्झाइम चालू देत नव्हते. तेच नमुने पन्नास पट पातळ करून लावले, तर फिकट का होईना, पट्टी दिसली. तीन महिने, आणि उत्तर पिपेटच्या टोकाला!

पातळ करणं ही मलमपट्टी झाली. माझी सवय अशी. नमुना कमी घ्यायचा, १०० मिलिग्रॅम बास. पोरं एक ग्रॅम घेतात, कारण 'जास्त घेतलं की जास्त येईल'. जास्त येतं खरं, पण साखर. सीटॅब बफरमध्ये (पेशी फोडायचं साबणासारखं द्रावण) मीठ १.४ मोलर लिहिलेलं असतं, मी २ मोलरच्या वरच ठेवते, कारण जास्त मिठात पॉलिसॅकराइड द्रावणातच राहायला बघतात. सोबत, रस काळा पडू नये म्हणून, २ टक्के पीव्हीपी आणि आयत्या वेळी घातलेलं मर्कॅप्टोइथेनॉल. क्लोरोफॉर्म एकदा नाही, दोनदा. आणि शेवटी आरएनए अल्कोहोलने न बसवता लिथियम क्लोराइडने: अंतिम २ ते २.५ मोलर, ४ अंशांवर रात्रभर. लिथियम क्लोराइड आरएनएला खाली बसवतं आणि साखर बरीचशी वर सोडून देतं. 'रात्रभर'ऐवजी दोन तास चालेल का, असं दरवर्षी कोणीतरी विचारतंच. माझ्या हातून चाललेलं नाही.

आरएनए काढायच्या तयार किटचं म्हणाल तर पानं असतील तर वापरा. मुसळीच्या मुळीचा रस कॉलममध्ये ओतलात की जाळी तुंबते, मग ते सेंट्रिफ्यूजमध्ये दहा वेळा फिरवत बसा.

झोपलेल्या झाडाला विचारू नका

ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून जरा सविस्तर. मुसळी जूनच्या पावसाबरोबर लावतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात पानं पिवळी पडून वाळतात, मुळ्या मात्र जमिनीतच राहतात आणि पुढे थंडीत काढतात. मी एमएस्सीला असताना नमुने कधी गोळा केले? डिसेंबरात, कारण शेतकरी तेव्हाच खणत होता आणि मला आयतं मिळत होतं. १-एसएसटीचं जनुक जवळजवळ बंदच दिसलं. मी बेधडक लिहून टाकलं की मुसळीत हे जनुक महत्त्वाचं दिसत नाही. सरांनी त्या वाक्यावर लाल रेघ मारून शेजारी लिहिलं, "घरातले झोपल्यावर जाऊन विचारलंत, स्वयंपाक कोण करतं?"

साखळ्या बांधायचं काम होतं ते मुळ्या भरत असताना, पानं हिरवी आणि वरून सुक्रोज येत असताना. सुक्रोज वाढलं की ही जनुकं जागी होतात, हे कितीतरी वनस्पतींत दाखवून झालंय. कोंब फुटायची वेळ आली की पारडं एफईएचकडे झुकतं. म्हणजे एकाच शेतातली एकच मुळी ऑगस्टात एक सांगेल आणि मेमध्ये उलटं. म्हणून जुलैपासून दर पंधरा दिवसांनी नमुने घ्या, आणि दर खेपेला त्याच वेळेला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा असं केलंत तर पानातल्या सुक्रोजचा दिवसभराचा चढउतारच मोजत बसाल. आणि मुळी शेतातच लिक्विड नायट्रोजनमध्ये टाका. ती धुवून, पुसून, पिशवीत घालून बसने लॅबमध्ये आणेपर्यंत जखमेला आणि सुकण्याला झाड उत्तर द्यायला लागलेलं असतं. माती लागली तर लागू दे, खलात घालण्याआधी गोठलेली झटकता येते.

नाव लावायची घाई

जनुकाचा क्रम डेटाबेसमध्ये जुळवला, वर 'फ्रुक्टोसिलट्रान्सफरेज' (१-एसएसटी, १-एफएफटी यांचं घराणं) आलं, घातलं प्रबंधात. हे बंद करा. ही एन्झाइमं रिक्तिकेतल्या इन्व्हर्टेजपासूनच (सुक्रोज फोडणारं एन्झाइम) निघालेली आहेत आणि अजून त्यांची भावंडं शोभतात. गव्हातल्या इन्व्हर्टेजमधली मोजकी अमिनो आम्लं बदलून त्याला १-एसएसटीसारखं काम करायला लावलेलं आहे. इतकं जवळचं नातं असताना नुसत्या चेहऱ्यावरून ओळख पटत नाही. जनुक पिकिया यीस्टमध्ये घालून प्रथिन बनवा, सुक्रोज द्या आणि टीएलसी प्लेटवर (साखरा वेगवेगळ्या करून दाखवणारी) बघा. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही सारखेच निघाले तर इन्व्हर्टेज. ग्लुकोज आणि केस्टोज निघालं तर तुमचं नशीब. पावाचं यीस्ट या कामाला घेऊ नका, ते स्वतःच सुक्रोज फोडतं आणि मग कोणाचं काम कोणाच्या नावावर, काही कळत नाही. एक मेख अजून: सुक्रोज भरपूर ओतलं तर काही इन्व्हर्टेजही चिमूटभर केस्टोज बनवतात. म्हणून सुक्रोजच्या एकाच प्रमाणावर थांबू नका.

बाकीच्या, पटापट

काष्ठौषधीच्या दुकानातली सोललेली वाळकी मुसळी आरएनएसाठी आणू नका. हसू नका, आणलीय लोकांनी.

'सफेद मुसळी' या नावाने शतावरीच्या कुळातली दुसरी वनस्पतीही विकली जाते, काळी मुसळी तर वेगळ्याच कुळातली. फूल बघितल्याशिवाय नमुना घेऊ नका.

पानातला आरएनए सोपा निघतो म्हणून पानावर भागवू नका. साखर साठते मुळीत.

संदर्भ जनुक (ज्याच्याशी बाकीच्यांची तुलना करायची ते) म्हणून डोळे झाकून एकटं अ‍ॅक्टिन नको. झोपलेल्या आणि वाढत्या मुळीत ते स्थिर राहील याची खात्री काय? दोन-तीन घ्या.

फिनॉल-सल्फ्युरिक आम्लाने आलेला आकडा म्हणजे फ्रुक्टान नव्हे. त्यात सुक्रोज, ग्लुकोज सगळं येतं.

मुळीतून फ्रुक्टान वेगळे काढताना गरम आम्ल लागलं की ते तुटतात. मग मुसळीत फ्रुक्टोज फार आहे, असं सांगत येता.

आणि कोरफडवाल्यांनो, तुम्ही तिच्यात १-एसएसटी शोधू नका. गरातलं अ‍ॅसिमॅनन म्हणजे मॅनोजची साखळी, तिच्यावर अ‍ॅसिटिल गट. कारखाना वेगळा, पेशीतल्या गॉल्जी नावाच्या भागातला. कच्चा माल जीडीपी-मॅनोज आणि साखळी बांधणारी जनुकं सीएसएलए घराण्यातली. अल्कलीत गर घातलात की अ‍ॅसिटिल गट गळून जातात. आणि आरएनए काढताना वरची हिरवी साल आणि आतला गर एकत्र खलात टाकू नका. गर जवळजवळ सगळा पाणीच असतो. त्यातून आरएनए इतका थोडा निघतो की साल मिसळलीत तर जेलवर दिसणारी पट्टी सालीचीच असते.