निबंधाची सुरुवात: पहिली तीन वाक्ये विषयातूनच यायला हवीत

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या प्रश्नपत्रिकेत प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांपैकी एक प्रकार निवडून 8 गुणांचे लेखन करायचे असते. मजकूर शंभर-सव्वाशे शब्दांत बसवायचा असल्यामुळे सुरुवातीच्या वाट्याला दोन किंवा तीन वाक्येच येतात. तरीही बहुतेक विद्यार्थी ही मोजकी वाक्ये, विषयाचा विचार सुरू होण्यापूर्वीच, पाठ केलेल्या साठ्यातून काढून कागदावर उतरवतात. ‘आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे’, ‘मानव हा समाजशील प्राणी आहे’, ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ अशा वाक्यांत व्याकरणाची चूक नसते, पण ती कोणत्याही निबंधाला चालतात आणि म्हणूनच कोणत्याही निबंधाची होत नाहीत.

आपली सुरुवात या जातीची आहे का, हे तपासणे सोपे आहे. शीर्षक झाकून फक्त ती वाक्ये मित्राला वाचून दाखवावीत आणि निबंध कशावर आहे, असे विचारावे. त्याला विषय ओळखता आला आणि पुढे काय येणार याची थोडी उत्सुकता वाटली, तर सुरुवात जमली आहे. त्याने दोन-तीन वेगवेगळे विषय सुचवले, तर ती खोडून पुन्हा लिहावी.

चांगली सुरुवात सुचत नाही, अशी तक्रार विद्यार्थी नेहमी करतात. माझ्या मते अडचण शब्दांची नसते. आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे, हे ठरलेले नसते. म्हणून वैचारिक निबंध लिहिण्यापूर्वी कच्च्या पानावर आपले म्हणणे एका वाक्यात लिहून काढावे आणि त्यानंतरच सुरुवात शोधावी. समजा, विषय ‘पाणी वाचवा’ असा आहे आणि आपले म्हणणे असे आहे की, पाणीटंचाईला अपुऱ्या पावसाइतकेच आपले ढिसाळ नियोजनही कारणीभूत असते. मग सुरुवात अशी करता येईल:

‘एप्रिल 2016 मध्ये लातूर शहराची तहान भागवण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. एका अख्ख्या शहराला रेल्वेच्या पाण्याची वाट पाहावी लागते, तेव्हा दोष फक्त पावसाचा असतो का?’

यातले पहिले वाक्य काळ आणि ठिकाण सांगते, दुसरे संकटाचा आकार डोळ्यांपुढे आणते आणि तिसरे वाक्य लेखकाच्या मूळ म्हणण्याकडे वळते. प्रश्न शेवटी आला आहे, कारण त्याआधी वाचकाच्या हाती विचार करण्यासारखे काहीतरी दिलेले आहे. ‘पाणी नसते तर काय झाले असते?’ असा प्रश्न अगदी पहिल्याच ओळीत विचारला, तर त्याचे उत्तर वाचकाला आधीच ठाऊक असते आणि प्रश्न वाया जातो. शिवाय विचारलेल्या प्रश्नाला पुढच्याच परिच्छेदात हात घालणे बंधनकारक आहे. उपसा, साठवण आणि पीकपद्धती यांविषयी पुढे काहीच लिहायचे नसेल, तर ही सुरुवात कितीही आकर्षक दिसली तरी वापरू नये.

विषय तोच, पण म्हणणे वेगळे असेल तर सुरुवातही बदलते, आणि हीच गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येकाने घरापासून बचत सुरू करावी, असे सांगायचे असल्यास लातूरच्या गाडीचा दाखला फार मोठा पडतो. तिथे ‘आमच्या शाळेतल्या गळक्या नळाखाली मधल्या सुट्टीत ठेवलेली बादली शाळा सुटेपर्यंत भरून वाहू लागते’ हे साधे निरीक्षण अधिक उपयोगी पडते, कारण तो नळ घट्ट बंद करणे हे वाचणाऱ्याच्या हातात असते. आकडा किंवा वर्ष खात्रीने आठवत नसेल, तेव्हाही असेच डोळ्यांनी पाहिलेले काहीतरी लिहावे. अंदाजाने ठोकून दिलेली आकडेवारी परीक्षकाच्या लक्षात आली, तर पुढच्या खऱ्या मजकुरावरचाही त्याचा विश्वास उडतो.

सुभाषित किंवा संतवचन घेऊन सुरुवात करण्यात गैर काही नाही. मात्र ते शब्दशः बरोबर आठवत असावे आणि लगेच पुढच्या वाक्यात त्याचा आपल्या मुद्द्याशी संबंध जोडलेला असावा. झाडांवरच्या निबंधाला ठरलेले वचन सगळेच लिहितात. एका बैठकीत तेच वचन अनेक उत्तरपत्रिकांत वाचलेल्या परीक्षकाला त्यात तुमचे असे काही सापडत नाही.

प्रसंगलेखनात अडचण वेगळी असते. प्रश्नातच बऱ्याचदा निमंत्रणपत्रिका किंवा बातमी चौकटीत दिलेली असते आणि आपण त्या कार्यक्रमाला उपस्थित होतो, असे समजून लिहायचे असते. विद्यार्थी मग चौकटीतली तारीख, वेळ, स्थळ आणि प्रमुख पाहुण्यांचे नाव जसेच्या तसे उतरवून सुरुवात करतात. तो तपशील पुढे ओघात आणता येतो. निरोप समारंभाचे लेखन असेल, तर ‘फळ्यावर रंगीत खडूंनी आमच्याच तुकडीचे नाव लिहिले होते आणि ते पुसायला त्या दिवशी कोणीच पुढे होत नव्हते’ अशा एका दृश्यातून प्रसंगात शिरावे. समारंभ कोणाचा आणि कशासाठी, हे दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात आपोआप कळते.

आत्मकथनात ‘नमस्कार! ओळखलंत का मला?’ ही सुरुवात आणि झोप लागून पडलेले स्वप्न, हे दोन्ही मार्ग आता पुरते गुळगुळीत झाले आहेत. जी वस्तू बोलते आहे, तिच्या आजच्या अवस्थेपासून सुरुवात केली की आवाज लगेच सापडतो. गावातल्या हातपंपाचे मनोगत असे सुरू होऊ शकेल: ‘घरोघरी नळ आल्यापासून माझ्या दांड्याला कोणी हात लावत नाही. पण नळाला दोन दिवस पाणी आले नाही की सकाळी पहिली घागर माझ्यापाशीच येते.’ हातपंपाने स्वतःचे नाव घेतलेले नाही, तरी तो ओळखू येतो. त्याची उपेक्षा आणि त्याचा अभिमान ही दोन्ही सूत्रे पुढच्या मजकुराला मिळालेली आहेत.

परीक्षेत वेळ जात असताना सुरुवातीपाशी अडून बसू नये. वर चार ओळी मोकळ्या सोडून मधला मजकूर लिहायला घ्यावा, कारण अनेकदा सर्वांत नेमके वाक्य लिहिता लिहिता मध्येच सापडते आणि तेच वर नेता येते. मात्र खाली ते वाक्य पुन्हा येऊ नये आणि सोडलेली जागा रिकामी राहू नये, याकडे शेवटच्या वाचनात लक्ष द्यावे. पहिल्या वाक्यातला ऱ्हस्व-दीर्घाचा दोषही याच वाचनात काढून टाकावा.

घरी सराव करताना प्रत्येक वेळी संपूर्ण निबंध लिहिण्याची गरज नाही. जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक विषय घ्यावा, त्यावर परस्परविरोधी अशी दोन म्हणणी एकेका वाक्यात लिहावीत आणि दोन्हींसाठी स्वतंत्र सुरुवात तयार करावी. त्या दोन सुरुवातींची अदलाबदल करूनही निबंध खटकत नसेल, तर दोन्ही पुन्हा लिहाव्यात.