कॅम्पर ट्रेलरचा जनरेटर निवडताना आधी जागेची उंची बघा

कॅम्पर ट्रेलरसाठी, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरासाठी, जनरेटरच्या खोक्यावरचा मोठा आकडा बघून खरेदी करू नका. होंडाच्या ईयू२२००आय वर २२०० असतं, पण ती ताकद थोडाच वेळ मिळते. सलग चालवायचा तर १८०० वॉट धरा. आणि आमच्यासारखे कोलोरॅडोत राहत असाल तर तेवढेही मिळत नाहीत.

कारण हवा विरळ. दर हजार फुटांमागे इंजिनाची साडेतीन टक्क्यांच्या आसपास ताकद जाते. डेन्व्हरच ५,२८० फुटांवर आहे. लेडव्हिलला, दहा हजारांच्या वर, १८०० चे जेमतेम ११५० उरतात. मायक्रोवेव्हवर १००० वॉट लिहिलेलं असलं तरी तो ओढतो १५०० च्या आसपास, म्हणजे तिथे तो विसराच. कायम उंचावरच जात असाल तर कार्ब्युरेटरमध्ये उंचीचा जेट (पेट्रोल कमी सोडणारी बारीक छिद्राची नळी) बसवून घ्या, नाहीतर प्लगवर काजळी धरते.

पण लेडव्हिलला एसी लागतो कुणाला? तिथे रात्री हीटरचा पंखा बॅटरी खातो, सकाळी ती भरून काढायची, एवढंच काम. त्याला एक छोटा इन्व्हर्टर जनरेटर (बंद खोक्यातला, शांत चालणारा, ईयू२२००आयसारखा) पुष्कळ झाला. खरी परीक्षा युटातल्या मोआबला. उंची चार हजार फूट, आणि जुलैत पारा चाळिशीला टेकतो. ट्रेलरचा एसी बहुधा १३,५०० बीटीयूचा, आपल्या भाषेत एक टनाहून जरा मोठा. चालू झाल्यावर तो १४०० वॉट घेतो, पण कॉम्प्रेसर उचलताना क्षणभर त्याच्या दुप्पट मागतो आणि जनरेटर तिथेच मान टाकतो. एसीला सॉफ्ट स्टार्टर (कॉम्प्रेसर हळूहळू उचलणारं छोटं उपकरण) बसवला की हा झटका बराच कमी होतो. तरीही मोआबला एकट्या २२०० वर एसी अगदी काठावर चालतो, सोबत दुसरं काही लावायचं नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: एक अवजड घेण्यापेक्षा पॅरलल जोडता येणारे, म्हणजे दोघांची ताकद एकत्र देणारे, दोन छोटे घ्या. प्रत्येक २१ किलोचा, मी एकटी ट्रकमधून उतरवते. डोंगरात एकच न्यायचा, वाळवंटात दोन्ही. उघड्या फ्रेमचे स्वस्त, गोंगाट करणारे जनरेटर घेऊच नका. नॅशनल पार्कात ५० फुटांवर ६० डेसिबलची मर्यादा आहे, आणि नियम नसता तरी शेजारच्या तंबूतल्या माणसाला शांतता हवीच असते.

इंधनाचं थोडक्यात: प्रोपेन ट्रेलरवर असतोच आणि कार्ब्युरेटर चिकट होत नाही, पण ताकद दहाएक टक्के कमी मिळते. पेट्रोलवाला असेल तर हंगाम संपताना कार्ब्युरेटर रिकामा करा.

निघण्याआधी घरासमोरच सगळं जोडून बघा. ट्रेलरला सर्ज प्रोटेक्टर (आत येणारी वीज तपासणारं उपकरण) लावला असेल तर काहींवर ‘ई२’ ही बिघाडाची खूण दिसते आणि वीज आतच येत नाही. जनरेटर बिघडलेला नसतो. या छोट्या इन्व्हर्टर जनरेटरांत न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले नसतात, म्हणून प्रोटेक्टर वीज अडवतो. हे दोन्ही जोडून देणारा न्यूट्रल-ग्राउंड बाँडिंग प्लग विकत मिळतो, तो जनरेटरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये खोचला की झालं.

आणि जनरेटर ट्रेलरपासून किमान २० फूट लांब, धुराचं तोंड पलीकडे. पाऊस आला तरी ऑनिंगखाली (ट्रेलरच्या बाहेरच्या कापडी छताखाली) आणायचा नाही. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपण्याआधी बंद करा, आणि आतल्या अलार्मचं टेस्ट बटण दर सहलीच्या आधी दाबून बघा.