वाडीतल्या पोरांचा मॉडपॅक एकदाचा सरळ केला (माझा अनुभव)

मालवणात आमच्या वाडीतली सहा पोरं पावसाळ्यात मिळून माइनक्राफ्ट हा गेम खेळतात. सर्व्हर माझ्या घरी, गेमची आवृत्ती १.२०.१, मॉड (गेममध्ये भर घालणाऱ्या जोड-फाइली) फॅब्रिकचे; फॅब्रिक म्हणजे मॉड गेममध्ये चढवणारं साधन. जूनमध्ये भाच्याचा फोन आला, "मामा, माका आत घेनाच नाय!" गेम व्यवस्थित उघडायचा, पण सर्व्हरवर गेला की बाहेर फेकायचा.

आधी मला नेटचाच संशय आला. शेवटी त्याच्या लॉग्स फोल्डरमधली लेटेस्ट.लॉग फाइल (गेम चालताना काय घडलं त्याची नोंद) वरपासून वाचली. सुरुवातीलाच इशारा होता: एक मॉड फॅब्रिकचा नाही. त्याने फोर्जची, म्हणजे मॉड चढवणाऱ्या दुसऱ्याच साधनाची, फाइल टाकली होती! फॅब्रिक अशी फाइल सोडून देतं आणि गेम चालू करतं. सर्व्हरवरचे नवे ठोकळे मात्र त्याच्याकडे नसतात, म्हणून प्रवेश नाही. लॉग वरून वाचा, खरंच सांगतो.

प्रत्येकाने आपापले मॉड गोळा करणं तिथेच बंद केलं. प्रिझम लाँचरमध्ये (गेम आणि मॉड सांभाळणारं अ‍ॅप) सगळ्यांसाठी मॉडचा एकच संच, म्हणजे मॉडपॅक, बांधला आणि एमआरपॅक या प्रकारची फाइल म्हणून काढला. त्यात मॉड्रिंथ या मॉडच्या साइटवरच्या मॉडचे पत्ते नि हॅश (फाइल तीच आहे का ते तपासायचा कोड) असतात, त्यामुळे फाइल छोटी, व्हॉट्सअ‍ॅपवर सहज जाते. पण पावसात आमच्याकडे नेटचा भरवसा नाही, म्हणून पूर्ण संचाची झिप पेनड्राइव्हवरही ठेवली.

नावात तारीख घालतो, जुना संच पुसत नाही. आयरिस, सोडियम हे फक्त चित्र दाखवण्याशी संबंधित मॉड सर्व्हरला लागत नाहीत; जुन्या लॅपटॉपवाल्याने आयरिस बंद ठेवलं तरी चालतं. भाचा त्याच संध्याकाळी आत आला.