रॅन्समवेअर पीसीत शिरतं कसं, आणि शिरलंच तर आधी काय करायचं

रात्री साडेदहाला मावसभावाचा फोन, दादा फोटो उघडत नाहीयेत. म्हटलं एखादी फाइल करप्ट झाली असेल, तर म्हणे सगळेच, आणि प्रत्येक फाइलच्या नावाला शेवटी चार विचित्र अक्षरं लागलीत, आयकॉन पांढरे पडलेत आणि प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची एक टेक्स्ट फाइल आलीय. विचारलं काय इन्स्टॉल केलंस? काहीच नाही. दोन मिनिटांनी हळूच, एका व्हिडिओ एडिटरचा क्रॅक (पैसे न भरता चालणारी चोरटी कॉपी) टाकला होता, त्यात लिहिलेलं की आधी अँटिव्हायरस बंद करा म्हणून केला. झालं. त्यात बॅकअपची हार्ड डिस्क वर्षभर पीसीला लावलेलीच, त्यामुळे तीही गेली.

हा सगळा प्रकार होता स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाच्या रॅन्समवेअरचा, म्हणजे तुमच्या फाइलींना कुलूप लावून ते उघडायचे पैसे मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा. मोठ्या कंपन्यांच्या बातम्या येतात तसलं हे नाही, हे घरच्या पीसीवालं. याची चिठ्ठी (तीच रीडमी फाइल) बरीच वर्षं ठरलेली होती, ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर अर्ध्यात म्हणजे ४९० मध्ये काम होईल. सेल लागल्यासारखं.

आता शिरतं कसं ते बघू. क्रॅक, कीजेन (खोटे लायसन्स नंबर बनवणारं), अ‍ॅक्टिव्हेटर हा घरच्या लोकांसाठी सगळ्यात मोठा दरवाजा, कारण तिथे तुम्ही स्वतःच अँटिव्हायरस बंद करता आणि अ‍ॅडमिनची परवानगीही स्वतःच्या हाताने देता, चोराला काही तोडावंच लागत नाही. दुसरा दरवाजा मेल. बिल, कुरिअर, नोकरीचा अर्ज असं काहीतरी नाव असतं, आत झिप, आणि झिपचा पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला. लोकांना वाटतं पासवर्ड आहे म्हणजे सेफ असेल, खरं तर पासवर्ड एवढ्यासाठीच की मेलच्या स्कॅनरला आत बघता येऊ नये. झिप उघडली की पीडीएफसारखा आयकॉन असलेली फाइल दिसते, तिचं खरं नाव बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई, पण विंडोज शेवटचा तुकडा लपवून ठेवतं त्यामुळे दिसताना बिल डॉट पीडीएफच दिसतं. ही लपवाछपवी मायक्रोसॉफ्टने अजून डीफॉल्ट का ठेवलीय मला कळत नाही. आत्ताच बदलून टाका, फाइल एक्सप्लोरर उघडा, व्ह्यूमध्ये जा, विंडोज ११ असेल तर त्यात शो, आणि फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक करा. वर्ड-एक्सेलच्या मॅक्रोंचा (फाइलीत दडवलेल्या छोट्या प्रोग्रामचा) धंदा मात्र जरा बसलाय, कारण २०२२ पासून नेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो ऑफिस स्वतःच अडवतं. तरी एखादी फाइल "एनेबल कंटेंट दाबा" म्हणून गळ घालायला लागली तर बंदच करा.

तिसरा दरवाजा रिमोट डेस्कटॉप. घरून ऑफिसचा पीसी वापरता यावा म्हणून कोणीतरी राउटरवर ३३८९ नंबरचा पोर्ट, म्हणजे नेटवरून आत यायचं दार, उघडून ठेवतं आणि विसरतं. असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे बॉट दिवसरात्र चालू असतात, सापडला की पासवर्ड मारत बसतात. वापरत नसाल तर बंद करा, वापरत असाल तर व्हीपीएनच्या (आधी लॉगिन करून मिळणाऱ्या खाजगी वाटेच्या) मागे ठेवा.

आणि चौथा, अपडेट न करणं. मे २०१७ मधलं वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर आठवत असेल, त्यात कोणी कुठे क्लिक केलंच नव्हतं, विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका भोकातून ते एका पीसीवरून दुसऱ्यावर आपोआप उड्या मारत गेलं आणि १५० च्या वर देशांत पोचलं. गंमत म्हणजे (गंमत कसली) त्या भोकावरचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, म्हणजे दोन महिने आधी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा अजून त्यावर असाल तर हे मनावर घ्या.

शिरल्यावर आत काय चालतं हे नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. लोकांचा समज असा की व्हायरस म्हणजे सिस्टिम पोखरणारं काहीतरी, पण रॅन्समवेअरला विंडोजशी काही देणंघेणं नसतं. तुमच्या लॉगिनला जी फाइल उघडून सेव्ह करता येते ती त्यालाही येते, बस. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, फोटो, लावलेला पेनड्राइव्ह, नेटवर्कवरचा शेअर्ड फोल्डर, सगळं. या कामाला अ‍ॅडमिन पासवर्डही लागत नाही. परवानगी मिळालीच तर ते अजून एक काम उरकून घेतं, विंडोज गुपचूप ठेवत असतं त्या शॅडो कॉपी उडवतं, म्हणजे जुनी व्हर्जन परत आणायचा रस्ता बंद. डेटाबेस, आउटलुक वगैरे चालू असतील तर तेही बंद पाडतं, कारण चालू प्रोग्रामने धरून ठेवलेली फाइल बदलता येत नाही. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरला मात्र हात लावत नाही, पीसी चालूच झाला नाही तर चिठ्ठी वाचणार कोण आणि पैसे देणार कोण! डीजेव्हीयू तर या वेळात विंडोज अपडेटची खोटी खिडकी दाखवतं, टक्के सरकत असतात आणि आपण चहा करायला जातो.

कुलूप कसलं असतं? फाइल एका झटपट चालणाऱ्या किल्लीने बंद करतात, आणि ती किल्ली दुसऱ्या एका कुलपात टाकतात ज्याची चावी फक्त त्यांच्याकडे असते. दुसरं कुलूप लावायला चावी लागत नाही, उघडायला लागते. त्यामुळे तुमच्या पीसीत कितीही शोधा, चावी तिथे सहसा सापडत नाही. ओळखीचा कोणी "मी क्रॅक करून देतो" म्हणाला तर हसून सोडून द्या.

बरं, आता प्रत्यक्ष झालंच तर. सगळ्यात आधी नेटची केबल उपटा किंवा वायफाय बंद करा, बाहेरची डिस्क, पेनड्राइव्ह जे काय लावलेलं असेल ते काढा, इजेक्ट-बिजेक्ट करत बसू नका. मग बघा की फाइली अजून बदलतायत का. बदलत असतील तर पॉवरचं बटण दाबून धरा आणि बंद करा, जेवढ्या वाचतील तेवढ्या वाचतील. सगळं आधीच उरकलं असेल तर मात्र घाईने रीस्टार्ट मारू नका, चालू ठेवा किंवा हायबरनेट करा, कारण कधीकधी किल्लीचे तुकडे मेमरीत राहिलेले असतात, वॉनाक्रायच्या वेळी एक्सपीवाल्या काही मशीनवर रीस्टार्ट केलं नव्हतं म्हणूनच फाइली परत मिळवता आल्या. नेहमी होईलच असं नाही, पण रीस्टार्ट न करण्यात काही जात नाही.

आणि हे मुद्दाम सांगतो, बॅकअप ठीक आहे का बघायला ती डिस्क त्याच पीसीला लावू नका. घाबरलेला माणूस पहिलं तेच करतो. दुसऱ्या मशीनवर बघा.

चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढा, चिठ्ठी आणि फाइली दोन्ही डिलीट करू नका, नाव बदलून शेवटची अक्षरं खोडली तरी फाइल उघडत नाही, उगाच घोळ होतो. मग दुसऱ्या पीसीवरून नो मोअर रॅन्समच्या साइटवर जा. ही युरोपोल, डच पोलीस आणि दोन सिक्युरिटी कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेली, फुकट आहे. तिथे दोन बंद झालेल्या फाइली आणि चिठ्ठी टाकली की कोणतं रॅन्समवेअर आहे आणि त्यावर टूल आहे का ते कळतं. डीजेव्हीयू असेल तर चिठ्ठीतला पर्सनल आयडी बघा, तो टी१ ने संपत असेल तर ऑफलाइन किल्ली वापरलीय, म्हणजे तीच किल्ली इतरांनाही लागलीय, ती कोणाकडून मिळाली तर तुमच्याही फाइली उघडतील, थोडी आशा आहे. अजून एक, ते प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा साधारण १५० केबीच तुकडा बंद करतं, त्यामुळे मोठे व्हिडिओ दुरुस्तीच्या टूलने बऱ्याचदा परत येतात. फोटो लहान, ते अडकतात.

टूल शोधताना गुगलवर पहिलं दिसेल ते उतरवू नका. २०२० मध्ये डीजेव्हीयूचं कुलूप उघडून देतो म्हणणारं एक टूल फिरत होतं, ते स्वतःच झोरॅब नावाचं रॅन्समवेअर होतं आणि बंद फाइली परत एकदा बंद करायचं. आगीतून फुफाट्यात.

पैसे द्यायचे का? माझं मत नाही. चावी मिळेलच याची खात्री नाही, आणि २०१७ च्या नॉटपेट्या नावाच्या हल्ल्यात तर चावी देण्याची सोयच नव्हती, पैसे भरणारे भरून बसले. त्यापेक्षा बंद फाइली वेगळ्या डिस्कवर कॉपी करून ठेवून द्या. टेस्लाक्रिप्ट या दुसऱ्या एका रॅन्समवेअरवाल्यांनी २०१६ मध्ये दुकान बंद करताना मास्टर चावीच जाहीर करून टाकली होती, ज्यांनी फाइली ठेवल्या होत्या त्यांचं भलं झालं. नंतर पीसी पूर्ण फॉरमॅट करून नवीन विंडोज टाका, आणि मेल, बँक सगळीकडचे पासवर्ड दुसऱ्या डिव्हाइसवरून बदला, कारण डीजेव्हीयूसोबत पासवर्ड चोरणारं सॉफ्टवेअरही बरेचदा येतं. पोलिसांत तक्रार करा, चावी मिळेल म्हणून नाही, पण नोंद राहते.

आधीच करून ठेवायचं म्हणाल तर दोन डिस्क घ्या, आलटून पालटून बॅकअप घ्या आणि झाला की केबल काढून कपाटात ठेवा, लावलेली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. क्लाउड सिंकवर विसंबून राहू नका, बिघडलेली फाइलही ते तितक्याच निष्ठेने वर चढवतं, पण त्यात जुनी व्हर्जन ठेवायची सोय असते ती चालू आहे का बघा, वनड्राइव्हच्या पेड प्लॅनमध्ये सगळं ३० दिवसांपर्यंत मागे नेता येतं. विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअर प्रोटेक्शनच्या खाली कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस आहे, तो चालू करा, अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्समध्ये लिहू देत नाही. सुरुवातीला गेमपासून स्कॅनरपर्यंत सगळ्यांना अडवून डोकं खातो, एकेकाला परवानगी द्यावी लागते, आठवडाभर सहन करा.

आणि महिन्या-दोन महिन्यांनी बॅकअपमधल्या चार फाइली दुसऱ्या मशीनवर खरोखर उघडून बघा. एका मित्राने अशीच मोठ्या विश्वासाने डिस्क आणून दिली होती, आत डेस्कटॉपवरचे नुसते शॉर्टकट निघाले.